एकाचे अनेक

गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते केनवडच्या बाजारात. भांड्यांच्या दुकानापुढे एक उंच, वाळका माणूस उभा होता. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री आणि उजव्या हाताची दोन बोटं गळ्याच्या घाटीवर दाबलेली. तो एका गडव्याकडे बघून काहीतरी पुटपुटायचा, मग शेजारी ठेवलेल्या दोन गडव्यांकडे बघून पुन्हा पुटपुटायचा आणि दर वेळी गळा चाचपायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला घशाचा आजार असावा.

"गळ्याचं काही दुखणं हाय काय त्याईले?" मी दुकानदाराला विचारलं.

"दुखणं कायचं," तो म्हणाला, "इंग्रजी शिकवतेत ते. दर बाजाराले असेच उभे राह्यतात. घेत काहीच नाई."

दुसऱ्या दिवशी मी नोकरीवर हजर झालो, तर शाळेच्या पडवीत तोच माणूस बसलेला. ही पन्नास सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. केनवडपासून दोन कोसांवरच्या या गावात चौथीपर्यंत शाळा होती. त्या साली गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून, वर टिनं टाकून एक खोली बांधली होती आणि तिथे पाचवीचा वर्ग सुरू झाला होता. पाचवी म्हणजे इंग्रजी. वर्गाला मान्यता मिळाली होती ती एका वर्षापुरती. साहेब येऊन तपासणी करतील, त्यांना बरं वाटलं तर वर्ग कायम, नाहीतर बंद. बंद झाला तर पोरं चालत केनवडला गेली असती. पोरी गेल्या नसत्या. त्या वर्गात तीन पोरी होत्या. त्यांतली गिरजा ही सगळ्यांत हुशार आणि तिचा बाप सगळ्यांत अडेल. "गावात हाय तंवर शिकन," असं त्याने शाळेत येऊन सांगून ठेवलं होतं.

मी मेडशीकडचा. मॅट्रिक होऊन आलेला, वय एकोणीस, नेमणूक हंगामी. माझ्या घराण्यात महिन्याचा पगार आणणारा मी पहिलाच. मला तिसरी आणि चौथी दिली होती. गुरुजींकडे पाचवी; याआधी अकरा वर्षं दुसऱ्या गावी इंग्रजी शिकवून ते इथे आले होते. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, त्यामुळे त्यांचं सगळं शिकवणं मला ऐकू यायचं.

गुरुजी घाबरट होते. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यांना स्वतःलाही त्याचा संकोच नव्हता. शाळेला कुलूप लावून निघाले की वडाच्या पारापर्यंत जात आणि परत येऊन कुलूप ओढून बघत. पोस्टमन समोरून येताना दिसला की बोळात शिरत. खात्याचा खाकी लखोटा आला तर तो माझ्या हातात देऊन म्हणत, "मास्तर, तुमीच फोडा. आधी मनात वाचा. वाईट असलं तं मले जेवन झाल्यावर सांगा." एकदा तसाच लखोटा आला, त्यात फक्त खडूची पेटी मिळाल्याची पोच मागितली होती. ते ऐकून गुरुजी पायरीवर बसले आणि टोपीने वारा घेत राहिले.

मी एकदा हसून म्हटलं, "गुरुजी, एवढं भेव कायले?"

"भेव असलं पाह्यजे," ते गंभीरपणे म्हणाले. "भेव नसलं की मानूस एस विसरते."

एस म्हणजे इंग्रजीतलं ते एक अक्षर. एकाचे अनेक करताना शब्दाच्या शेपटाला लागतं ते. गुरुजी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा एसनेच आपला घात केला, अशी त्यांची पक्की समजूत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी पेपर लवकर संपवला आणि उरलेल्या वेळात दुसरं काही न वाचता फक्त एस शोधले. नसतील तिथे घातले. पास झाले. तेव्हापासून त्यांच्या लेखी इंग्रजी भाषेत एकच गोष्ट शिकवण्यासारखी होती, आणि पाचवीच्या लेकरांना ती आली की पुढचं सगळं आपोआप येणार होतं.

पण ती शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र मी पुढे कुठेही पाहिली नाही. वस्तू डोळ्यांपुढे असल्याशिवाय ते पोरांना शब्द उच्चारू देत नसत. एक मडकं ठेवलं की पोरांनी "पॉट" म्हणायचं. शेजारी दुसरं ठेवलं की "पॉट्स". मग गुरुजी विचारायचे, "कोनाचा?" आणि सगळा वर्ग आपापल्या गळ्यावर बोटं ठेवून पुन्हा म्हणायचा, "पॉट्स." गळा थरथरला नाही, नुसती हवा गेली, तर तो "सापाचा". मग दारातून दिसणाऱ्या गायींकडे बोट. "काऊज." इथे गळा गुणगुणायचा. तो "माशीचा". आणि ग्लास, बॉक्स, ब्रश असले शब्द, ज्यांच्या शेवटी आधीच सुस्कारा असतो, त्यांना एस नुसता चिकटत नाही, मध्ये थोडी जागा करून द्यावी लागते. ग्लासेस, बॉक्सेस. ते "अडकलेले".

साप, माशी आणि अडकलेले. दुपारभर तट्ट्याच्या पलीकडून हेच. माझ्या तिसरीतली पोरंही पाढे म्हणता म्हणता गळ्यावर बोटं ठेवायला लागली होती. बाजारात गुरुजी भांड्यांपुढे उभे राहत ते याचसाठी. उद्या कुठला शब्द घ्यायचा, तो सापाचा की माशीचा, हे स्वतःची खात्री झाल्याशिवाय ते वर्गात नेत नसत. घरीही तेच. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. एकदा मी गेलो तर त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यायच्यासमोर दोन वस्तू ठेवाची चोरी झाली. एक वांगं ठेवलं तं काई बोलत नाईत. दोन ठेवले की लागले गळा दाबाले."

वस्तू नसताना कोणी अनेकवचन केलं तर ते थांबवत. गिरजा एकदा भर दुपारी म्हणाली, "स्टार्ज."

"बरोबर," गुरुजी म्हणाले, "पन आता कुठी हायेत?"

"रात्री दिसतात, गुरुजी."

"मंग रात्री म्हन. उद्या येऊन मले सांग, माशीचाच निंगाला का."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, माशीचाच होता, घरातल्या सगळ्यांनी म्हणून पाहिला. हे ऐकून गुरुजींचा चेहरा असा उजळला की मी तट्ट्याच्या फटीतून बघतच राहिलो. त्या वर्गातली पोरं कधी चुकत नसत, हे खरं आहे. गळ्यावर बोटं ठेवून शिकलेलं ती विसरत नव्हती.

मला काळजी लागली ती पुस्तकामुळे.

एक दिवस गुरुजींच्या वर्गातलं इंग्रजीचं पुस्तक चाळायला घेतलं, तर मधली दोन पानं एकमेकांना चिकटवलेली. दुसरं पुस्तक बघितलं, त्यातही तीच दोन. सगळ्या पुस्तकांत. कणकेची खळ करून, नीट काठापर्यंत लावून चिकटवलेली. मी गुरुजींना विचारलं.

"त्या पानावर ऑक्स हाय," ते हळूच म्हणाले.

ऑक्स म्हणजे बैल. आणि दोन बैल म्हणजे ऑक्सेस नव्हे, ऑक्सन. नियम मोडणारा शब्द. गुरुजींनी असे शब्द वर्गाबाहेर ठेवले होते. मॅन नाही, वुमन नाही, चाइल्ड नाही, फूट नाही, टूथ नाही. माणसाला ते फार्मर म्हणत, बैलाला बुलक. बुलक्स, सापाचा. शेतकऱ्यांच्या पोरांना बैल पहिल्या दिवशी लागतो, बाई-माणूस-लेकरू तर घरातच असतं. नेमके तेच शब्द गुरुजींच्या वर्गात नव्हते.

"पुस्तकात हाय ते शिकवावं तं लागनच ना, गुरुजी."

"शिकवतो. आधी नियम पक्का होऊ द्या. एकदा का मोडलेला नियम पोट्ट्यायले दाखवला, की मंग सगळंच मोडते. दिवाळी झाली की घेतो."

दिवाळी झाली. मग ते म्हणाले संक्रांत. संक्रांत झाली आणि तपासणीचं पत्र आलं. साहेब आठ दिवसांनी येणार होते.

लखोटा मीच फोडला. जेवण होईपर्यंत थांबलो आणि मग सांगितलं. त्या दिवसापासून गुरुजींचं जेवण तुटलं. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि पोटात अन्न ठरेना. वहिनींनी गाडी जुंपवली आणि त्यांना रिसोडला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जाताना गुरुजी गाडीतून वाकून मला म्हणाले, "दोन दिवस वर्ग पाहा. नवीन काई घेऊ नका. झालेलंच म्हनून घ्या."

मी हो म्हणालो.

पहिला दिवस मी त्यांनी सांगितलं तसंच केलं. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. साहेब पुस्तक उघडतील, चिकटलेली पानं बघतील, बैल विचारतील. पोरांना येणार नाही. शेतकऱ्यांच्या गावात इंग्रजीच्या वर्गाला बैल येत नाही, यापेक्षा वाईट शेरा कुठला? वर्ग बंद होईल. गुरुजींची नोकरी गेली नाही तरी जीव जाईल, असं मला खरंच वाटत होतं. आणि माझ्या मनात दुसरीही एक भीती होती, ती मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. वर्ग बंद झाला तर एक मास्तर जास्त होणार होता, आणि हंगामी मी होतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं. ऑक्स, ऑक्सन. चाइल्ड, चिल्ड्रन. मॅन, मेन. पोरांना कोण आनंद झाला. इतके दिवस त्यांच्यापासून लपवलेलं काहीतरी हाती लागलं होतं. गळ्यावर बोटं ठेवण्याची गरज नाही, साप नाही, माशी नाही, नुसतं शेवटी "न" म्हणायचं. दुपारपर्यंत ती ऑक्सन ऑक्सन करत अंगणात धावत होती. मग मी पुस्तकांची पानं पाण्याचा हात लावून सोडवायला घेतली. काही सुटली, काही फाटली. पोरांना मी सांगितलं, "हे गुरुजीले सांगू नका. त्याईची तब्येत बरी नाई. साहेबानं इचारलं तंच सांगा."

गुरुजी त्या संध्याकाळी परतले, अंगातला ताप जाऊन नुसती काठी झालेले. "नवीन काई घेतलं नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तपासणीचे साहेब मध्यम वयाचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. नागपूरकडची शुद्ध भाषा. आधी माझे वर्ग झाले. मग ते पाचवीत गेले आणि मी दारात उभा राहिलो. गुरुजी टेबलाशी उभे होते. त्यांनी पोरांपुढे मडकी, डब्या, दोन पेले असं सगळं मांडून ठेवलं होतं.

साहेबांनी एक मडकं उचललं. पोरं म्हणाली, पॉट. दोन. पॉट्स. कॅट, कॅट्स. डॉग, डॉग्ज. पोरांच्या गळ्यावरच्या बोटांकडे साहेबांनी कुतूहलाने पाहिलं आणि विचारलं की हे काय. गुरुजींनी अडखळत सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून दोन्ही शब्द म्हणून पाहिले आणि म्हणाले, "खरंच की."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी गिरजाचं पुस्तक उचललं. फाटून सुटलेलं पान त्यांच्या हातात आलं. गुरुजींनी ते पान उघडलेलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"वन ऑक्स," साहेब म्हणाले. "टू?"

"ऑक्सन," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

गुरुजींनी टेबलाचा कोपरा धरला. साहेब खूश झाले. "चांगलं. हा शब्द पुष्कळ ठिकाणी येत नाही." आणि त्यांनी सहज, जाता जाता, टेबलावरची लाकडी डबी उचलली. "वन बॉक्स. टू?"

मग मागून एक पोरगा म्हणाला, "बॉक्सन."

"बॉक्सन," आणखी चार जण म्हणाले.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "फॉक्स?"

"फॉक्सन."

"बॉय?"

आता वर्गात दोन तट पडले. काही जण "बॉइज" म्हणाले, काही "बॉयरन". पोरांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय, आणि ती घाबरून अधिकच चुकायला लागली. कॅटसुद्धा चुकली. ज्या शब्दात वर्षभर एकदाही चूक झाली नव्हती, तो साहेबांनी विचारल्यावर गिरजाने कॅटन असा सांगितला आणि ती रडायला लागली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. एक नाही, सगळी. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. गुरुजींनी पोरांची नजर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं, हे मला दिसलं. मला वाटलं होतं ते कोसळतील. पण पारापासून परत येऊन कुलूप ओढून बघणारा तो माणूस सरळ उभा राहून म्हणाला, "साहेब, मीच शिकवलं. वर्ग माझा हाय. माझी चूक झाली."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा गुरुजींकडे पाहिलं. बराच वेळ ते तसेच थांबून होते. मला बोलायचं होतं. मेडशीला बाप सगळ्या गावाला सांगत फिरत होता की पोरगा मास्तर झाला. माझी जीभ उचलली नाही. साहेबांनी वही उघडली आणि लिहायला घेतलं.

महिन्याभराने हुकूम आला. वर्ग आणखी एक वर्ष चालू राहील, इंग्रजी तरुण मास्तरकडे, म्हणजे माझ्याकडे, द्यावं, आणि गुरुजींची बदली मेडशीच्या पलीकडच्या एका वाडीवर, जिथे एकच शिक्षक आणि चौथीपर्यंतच शाळा. तो लखोटाही मीच फोडला. या वेळी जेवणाची वाट बघितली नाही, कारण गुरुजी समोरच बसले होते आणि म्हणाले, "वाचा मोठ्यानं."

मी वाचलं. ते म्हणाले, "वर्ग राह्यला ना? बस."

जायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत गुरुजी रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे येत आणि मला शिकवत. कुठल्या अक्षरापुढे साप येतो, कुठल्यापुढे माशी, कुठल्या पोराची जीभ कुठे अडते, कोणाला आधी विचारायचं आणि कोणाला शेवटी. ते कधी ओरडले नाहीत, टोमणा मारला नाही. त्यामुळे मला ते बसणं असह्य व्हायचं. मी रोज ठरवायचो की आज आपणच बोलायचं. शेवटच्या दिवशी बोललो.

"गुरुजी, तुमी काहून म्हनाले तुमीच शिकवलं म्हनून?"

ते छत्रीची मूठ पुसत होते. "तुमी बोलले असते तं दोघायचं गेलं असतं. पोट्ट्यायपाशी कोन राह्यलं असतं मंग?" मग म्हणाले, "राग नाई आला असं नका समजू. आला. अजून हाय. तुमी मले नाई म्हनून सांगतलं, त्याचा हाय."

एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गेली. वहिनी रडल्या, गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही.

मी पाचवी शिकवली. गळ्यावर बोटं ठेवूनच शिकवली. पोरं सावरायला दोन महिने लागले. पुढच्या साली तेच साहेब आले आणि वर्ग कायम झाला. गिरजाची धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती; त्यांचा बाप शाळेत येऊन गूळ वाटून गेला. साहेब निघायच्या आधी मी त्यांना एकटं गाठलं आणि सगळं सांगितलं. मी शिकवलं, मी लपवलं, मी गप्प राहिलो.

साहेब म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. सगळा वर्ग तुमच्याकडे बघत होता."

"मग तुम्ही..."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. तुम्ही बोलला नाहीत. ते स्वतः होऊन चूक अंगावर घेत होते, मी काय लिहिणार?" त्यांनी चष्मा पुसला. "आता सांगितलंत, हेही काही कमी नाही. मी त्यांना परत बोलावून घेतो. तुम्हाला त्यांच्या जागी वाडीवर जावं लागेल. चालेल?"

चालेल, मी म्हणालो. वर्षभरात पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली. साहेबांनी मला एक चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं की अशा अदलाबदलीला दोघांचीही संमती लागते, गुरुजींची सही घेऊन वाशीमला ऑफिसात आणून द्या.

रविवारी मी घरी मेडशीला गेलो आणि सोमवारी सकाळी तिथून चालत वाडीवर. शाळा म्हणजे एक मोठी खोली. गुरुजी अंगाने भरले होते. टोपी खुंटीला होती, हात गळ्यावर नव्हता. मला बघून त्यांना बरं वाटलं, हे स्पष्ट दिसलं. त्यांनी पोरांना पाटीवर काहीतरी लिहायला सांगितलं आणि मला बाहेर चिंचेखाली घेऊन आले. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती स्वतः उघडली, वाचली, घडी घालून मला परत दिली.

"मी येत नाई, मास्तर."

मला वाटलं राग अजून आहे. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले.

"ऐका. तुमी समजता मी ते बैल, मानूस, लेकरू पोट्ट्यायसाठी लांबवत होतो. दिवाळी, मंग संक्रांत. तसं नोतं. मलेच ते येत नोते पक्के. फुटचं काय होते, टुथचं काय होते, दर साली पाठ करो अन् वर्गात गेलो की सगळं एकमेकात मिसळे. एस तेवढा माहा होता. त्याच्या पलीकडं मले काई येत नोतं. कोन्या दिवशी एखादं पोट्टं इचारन, या भेवानं मी रोज त्या खोलीत मरत होतो. तुमच्या वहिनीले बी माहीत नाई हे." त्यांनी एकदा वर्गाकडे पाहिलं. "तुमी चूप राह्यले ते वाईटच केलं. पन मले त्या खोलीतून काढलं बी तुमीच. आता परत घालू नका."

"साहेब इचारतीन ना, काहून नाई आले म्हनून. मी काय सांगू?"

"ते तुमी पाहा," गुरुजी म्हणाले. "फक्त हे सांगू नका. बारा वर्सं इंग्रजी शिकवलं म्या. लोक मले त्याच नावानं वळखतात."

आतून पोरांची गडबड ऐकू यायला लागली. गुरुजी उठले आणि वर्गात गेले. मी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. ते मराठीचा धडा वाचून दाखवत होते, खणखणीत, मोठ्याने. तट्ट्याच्या भिंतीपलीकडून वर्षभर त्यांना ऐकलं होतं, पण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

वाशीमला जाईपर्यंत मी उत्तर शोधत होतो. तब्येतीचं सांगावं तर साहेब डॉक्टरचा दाखला मागतील. राग सांगावा तर ते समजूत घालायला स्वतः वाडीवर जातील, आणि गुरुजी त्यांच्यापुढे दोन प्रश्नांत उघडे पडतील. ऑफिसात साहेबांनी चिठ्ठी उलटून पाहिली. संमतीची सही नव्हती.

"काय झालं? ते का येत नाहीत?"

"मी त्यांना विचारलंच नाही," मी म्हणालो. "वाडीवर गेलो, पण चिठ्ठी दाखवली नाही. मला हा वर्ग सोडायचा नाही, साहेब."

साहेबांना ते खोटं वाटलं असतं तर त्यांनी तसं म्हटलं असतं. मागच्या साली त्यांनी मला दारात गप्प उभं असलेलं पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. अदलाबदल तिथेच संपली. त्यांनी माझी फाइल मागवली, टाक दौतीत बुडवला आणि दोन ओळी लिहिल्या. त्या शेऱ्यापायी मी पुढे सात वर्षं हंगामीच राहिलो आणि हेडमास्तर कधी झालो नाही. बाप शेवटपर्यंत विचारत होता की तुझ्या मागचे पुढे गेले, तू काहून नाही. गुरुजी त्या वाडीवरच निवृत्त झाले. लोक त्यांना इंग्रजीचे गुरुजीच म्हणत.